दोनच हाका

३ मार्च १९५७, रविवार

पोचले एकदाची. कुरखेड्याहून काल पहाटे निघाले, आणि चामोर्शीत मोटार जी बसली ती चार तास उठली नाही. मी म्हटलं बसू दे, तिलाही आराम नको का. तेवढ्यात बाजार फिरून घेतला आणि अन्नपूर्णेसाठी डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या. इथं येऊन पाहते तर ती म्हणते, आजी, कामावर बांगड्या चालत नाहीत, रोग्याच्या जखमेला लागतात. आता घ्या. मी विधवा, ती दवाखान्यातली. घरात दोन बायका आणि चारही हात भुंडे. बांगड्या कागदात गुंडाळून साखरेच्या डब्यामागं ठेवल्या. लग्नात कामी येतील.

अन्नपूर्णा माझ्या मुखरूची थोरली. सातवी पास. आलापल्लीच्या वाटेवर हा लाकडाचा डेपो आहे, त्याच्या दवाखान्यात ती झाडलोट करते, बाटल्या धुते. पण आता डेपोनं लाल फुलीची गाडी आणली आहे. जंगलात कोणावर झाड पडलं, कोणाला अस्वलानं धरलं, की ही गाडी धावत जायची. त्या गाडीवर एक बाई पाहिजे, आणि तिच्याजवळ तातडीच्या मदतीचं सर्टिफिकेट पाहिजे. परीक्षा सव्वीस तारखेला. साहेब चांद्याहून येणार. पास झाली तर माझी नात गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसेल. नाही झाली तर पुन्हा बाटल्या. म्हणून मी आले आहे. रांधायला, आणि दुसऱ्या एका कामाला, ते मी मग सांगते.

घर छान आहे. दोन खोल्या एकामागं एक, पुढं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात मोहाचं झाड, दाराशी पाण्याचा रांजण आणि त्यावर पाणी प्यायचा गडवा. रोज बाराला डेपोचा भोंगा होतो, आज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातचं पीठ सांडलं.

ही वही तिनंच दिली. मी प्रौढांच्या वर्गात दोन हिवाळे गेले, तेवढंच माझं शिक्षण. ती म्हणते, मी वाचते तेव्हा तू लिही, म्हणजे माझं डोकं खाणार नाहीस. आणि पुस्तकातल्यासारखं लिही, मले-तुले करू नको. बरं. जमेल तसं करते.

५ मार्च, मंगळवार

आता ते दुसरं काम. परीक्षेला प्रत्येकानं आपला रोगी आपणच आणायचा असतो. तर अन्नपूर्णेचा रोगी मी.

इतकं सुखाचं काम मी जन्मात केलं नाही. जेवणं झाली, भोंगा झाला, की ओट्यावर चटई टाकून मी पडायचं आणि डोळे मिटायचे. मग ती येते आणि मोठ्यानं हाक मारते. पुस्तकात तसंच आहे: रोग्याला नावानं हाक मारावी, ओ देत नसल्यास बेशुद्ध समजावे. मी बेशुद्ध. मग ती माझ्या पायाला बांबूच्या कामट्या बांधते, हात झोळीत घालते, डोक्याला त्रिकोणी पट्टी बांधते, ती बांधली की मी अगदी नवरदेवासारखी दिसते म्हणे. एकदा गुदगुल्या झाल्या तरी मी हलले नाही. शेजारच्या इंदुताई नर्स आहेत, त्याच हिला शिकवतात. त्या म्हणाल्या, आजीबाई, पुष्कळ रोगी पाहिले, पण हाकेला ओ न देण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

मी हसले. रात्री झोपताना ते वाक्य उगाच आठवलं.

८ मार्च, शुक्रवार

आज इंदुताईंच्या ओट्यावर बायका जमल्या आणि मी माझी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी बेचाळीस वर्षं सांगते आहे, अन्नपूर्णा तर तिच्यावरच वाढली. इथंही लिहून ठेवते, उद्या मी नसले तर.

आमच्या गावाकडं असं मानतात की वाघानं मारलेलं माणूस भर दुपारी आपल्याच घराच्या दाराशी येतं आणि आपल्याच आवाजात हाक मारतं. पण त्याला दोनच हाका येतात. तिसरी येत नाही. म्हणून दुपारच्या पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नसते, आणि दिली तर ते माणूस आपल्याला घेऊन जातं. तिसरी हाक आली की ते जिवंत समजायचं आणि दार उघडायचं.

माझी धाकटी जाऊ सुकरी. मोह वेचायला गेली होती. घरचे पुरुष लग्नाला गेलेले. तिचं आठ महिन्यांचं पोर तापलेलं, ते माझ्या मांडीवर. दुपार झाली आणि दारात हाक आली, दार उघड. आवाज सुकरीचा. मी ओ दिली नाही. पुन्हा हाक. मी पोराच्या तोंडावर हात ठेवला. तिसरी हाक आलीच नाही. संध्याकाळी माणसं परतली तर सुकरी उंबऱ्याशी पडलेली, मांडी फाटलेली, अंगणभर रक्त. गावचे म्हातारे म्हणाले, हिला जंगलातच वाघानं मारलं, हे प्रेत चालत आलं आपलं पोर न्यायला. रुखमा शहाणी. रुखमानं पोर राखलं. माझी खणा-नारळानं ओटी भरली त्या लोकांनी.

ते पोर म्हणजे मुखरू. मला पोटचं नव्हतं. मीच आई झाले.

बायकांनी तोंडावर पदर धरला. लाल फुलीच्या गाडीचा ड्रायव्हर डोमा कुंपणापाशी उभा राहून ऐकत होता, तो म्हणाला, आजी, तुम्हालाच गाडीवर घेतलं पाहिजे. खूप हसलो.

११ मार्च, सोमवार

आज रोगी झाले असताना एक गंमत झाली. गंमतच म्हणते.

मी डोळे मिटून पडले होते. अन्नपूर्णेनं हाक मारली, आजी. मी गप्प. तिनं पुन्हा मारली. मी गप्प. मग मोहाच्या झाडाकडून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, मोठीबाई.

डोळे उघडून पाहिलं तर कोणी नाही. अन्नपूर्णा रागावली. बेशुद्ध माणूस डोळे उघडतं का, म्हणाली. मी म्हटलं, माशी बसली होती.

मला मोठीबाई म्हणणारं आता कोणी राहिलेलं नाही. एकच माणूस म्हणत होतं. गोष्ट सांगताना ते नाव मी कधीच घेत नाही, नुसतं दार उघड, एवढंच सांगते. का घेत नाही ते मला विचारू नये.

१४ मार्च, गुरुवार

भोंग्यानंतर रांजणापाशी बांगड्या वाजल्या. काचेच्या बांगड्या मातीला घासून वाजतात तशा. मग गडवा पडला.

अन्नपूर्णेनंही ऐकलं. पाणी कोणी घेतलं गं, म्हणाली. बाहेर जाऊन आली, कोणी नव्हतं, गडवा ओला होता. मी साखरेच्या डब्यामागं पाहिलं. माझ्या बांगड्या कागदात होत्या तशाच.

मी तिला सांगितलं, मांजर असेल. खोटं बोलले. नातीशी खोटं बोलायची ही पहिली वेळ, असं लिहिणार होते. पण तेही खोटंच झालं असतं.

१७ मार्च, रविवार

आज काय झालं ते लिहिलंच पाहिजे, नाही तर माझं मलाच खरं वाटणार नाही.

अन्नपूर्णा रक्ताचा धडा पाठ करत होती. मी समोर तांदूळ निवडत होते. ती मोठ्यानं म्हणत होती: रक्त वाहत असेल तर काळीज चालू आहे असे समजावे, मेलेल्याचे रक्त वाहत नाही. दोनदा म्हणाली. मग थांबली. बोट त्या ओळीवरच होतं.

"आजी," म्हणाली, "तुझ्या गोष्टीत अंगणभर रक्त होतं ना?"

मी म्हटलं, होतं.

तिनं पुस्तक मिटलं. मग विचारलं की सुकरीआजी दाराशी किती वेळ होती. मी म्हटलं, आमच्याकडं कुठं घड्याळ होतं. ती म्हणाली, मांडीची जखम अंगठ्यानं दाबून धरता येते. वर कापड आवळून त्यात काडी घालून पिळली की रक्त थांबतं. लुगड्याचा पदर फाडून मी हे एकटी करू शकते. कोणीही करू शकतं.

मी सूप खाली ठेवलं. माझे हात कुठं ठेवू ते मला कळेना.

ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मीच तिची नात असल्यासारखा. म्हणाली, "तुले मालूम नव्हतं, आजी. त्या टायमाले कोणालेच मालूम नव्हतं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ मार्च, सोमवार

दाराच्या फळीवर हाताचा पंजा उठला आहे. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. लालसर.

अन्नपूर्णा म्हणाली, शिमग्याचा पळसाचा रंग असेल. मग तिनं बोट लावून वास घेतला. पाणी आणून तिनंच पुसलं.

मी आज रोगी व्हायला नाही म्हटलं. पाठ दुखते म्हटलं. ती म्हणाली, परीक्षेला आठ दिवस राहिलेत, तू नसलीस तर मला बसूच देणार नाहीत. मग झाले.

तिनं हाक मारली. मी ओ दिली नाही. काम आहे माझं ते.

आता मोजून पाहिलं. पाच तारखेपासून रोज दोन-तीनदा. मी तीसेक वेळा दारात पडून हाक ऐकली आणि गप्प राहिले. मीच बोलावलं असेल का सुकरीला. हे ऐकून ती आली असेल, इथं कोणी तरी अजून ओ देत नाही म्हणून.

२० मार्च, बुधवार

आता अंगणातल्या मातीत काहीतरी फरफटत आल्याची ओढ उमटते. काल मोहाच्या झाडापासून कुंपणाच्या दगडापर्यंत होती. आज रांजणापर्यंत.

अन्नपूर्णा उकिडवी बसून बोटानं ती ओढ वाचत होती. डोळे चमकत होते तिचे. म्हणाली, डावी मांडी आहे. एक पाय ओढत आलं, हात टेकत टेकत. इथी थांबलं. इथी पाणी प्यालं. कोणी जंगलातलं माणूस आहे, दवाखान्याले भेते, म्हणून लपून राहते, अन् इतकं रक्त गेल्यावर एकदा हाक मारलीच तर दुसऱ्यांदा मारायची ताकद त्याच्यात कुठून राहील.

तिच्या पुस्तकात पहिल्या पानावर नियम आहे. पहिल्या हाकेला उठावे, दुसरीची वाट पाहू नये. तो तिनं कोळशानं भिंतीवर लिहिला आहे. मी रोज त्याच्याखाली जेवते.

तिनं पट्ट्या, कामट्या, काडी, सगळं दाराशी मांडून ठेवलं आहे. तिला खरा रोगी मिळणार म्हणून ती खूश आहे.

मी तिला काय सांगू. जाऊ नको म्हणून सांगितलं तर ती काऊन विचारेल. अन् ते सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

२१ मार्च, गुरुवार

आज हाक बदलली.

अकरा तारखेसारखं मोठीबाई नाही म्हणाली. अन्नपूर्णा, अशी हाक मारली.

पोरगी पट्टी हातात घेऊन धावली. मोहाच्या झाडापर्यंत गेली. मी ओट्यावरून ओरडले, परत ये, परत ये, दूध उतू गेलं. दूध नव्हतंच घरात. ती आली तेव्हा तिचं पातळ गुडघ्यापाशी ओलं होतं. म्हणाली, कोणी तरी खालून पातळ धरलं होतं, आजी, पण दिसलं नाही.

दोनच हाका झाल्या. दोनच.

२३ मार्च, शनिवार

आता लिहिते. पुस्तकातल्यासारखं नाई जमत, माफ कर.

मले मालूम होतं.

पहिली हाक झाली, मोठीबाई, दार उघड. मग रांजणापाशी तिच्या बांगड्या वाजल्या. ती पाणी प्याली. मी घोट ऐकले. प्रेताले तहान नसते, हे काही पुस्तकात वाचावं लागत नाई. गडवा पडला. मांडीवरच्या पोरानं आवाजाकडे मान वळवली अन् हसलं. पोरालेही मालूम होतं.

दुसरी हाक लई हळू होती. दाराच्या खालून आली.

मी तिसरीची वाट पाहून राह्यली. लोक समजले मी भ्याली होती. मी भ्याली नाई. पोर माझ्या छातीशी होतं, माझं बोट धरून. लग्नाले सात वर्षं झाली होती अन् माझी कूस रिकामी. मी मनात म्हटलं, तिसरी नको येऊ. नको येऊ. तिसरी नको.

नाई आली.

अन् मग मी खणा-नारळानं ओटी भरून घेतली. बेचाळीस वर्षं गोष्ट सांगितली. पोराले सांगितली. मुखरूले सांगितलं की तुझी माय तुले न्याले आली होती, मी वाचवलं. तो लहानपणी दुपारी दाराकडे पाहून रडे, मायच्या भेवानं. त्याच्या मायच्या.

अन्नपूर्णा सुकरीची नात आहे. माझी कोणीच नाई. सुकरी आपली पोर न्याले आली आहे.

२४ मार्च, रविवार

इंदुताई म्हणाल्या, आजीबाई, तोंड उतरलं तुमचं, घरी जायचं का. मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या.

ओढ आता उंबऱ्यापर्यंत—

अन्नपूर्णा म्हणते, उद्या भोंग्याच्या आधीच दार उघडून बसते. हाक झाली की तिसरीची वाट नाई पाहणार. इतके दिवस कोणी तरी बोलावते अन् आपण पोचत नाई, याची मले लाज वाटते, म्हणाली.

लाज. तिले.

तिले सांगायला तोंड उघडलं. दोनदा. आवाज नाई निघाला. मीही दोनदाच—

२५ मार्च, सोमवार

उद्या परीक्षा.

अकरा वाजता तिले आतल्या खोलीतून आणखी पट्ट्या आण म्हटलं, अन् बाहेरून कडी घातली. पहिले हसली. मग ठोकून राह्यली. आजी, काय करून राह्यली तू.

पुन्हा दार लावून बसली मी. पुन्हा आत पोर, बाहेर सुकरी. यावेळी मात्र मी बाहेरच्या दारापाशी आहे. हात कडीवर आहे, दुसऱ्या हातात पेन्सिल.

भोंगा झाला.

मातीत ओढ—ऐकू येते. थांबते. येते.

बांगड्या.

गडवा पडला.

पहिली हाक. अन्नपूर्णा.

आतून ती किंचाळते, आजी, कोणी हाक मारते, मरून जाईल ते माणूस, उघड—

ठरवलं मी. तिसरीची वाट नाई पाहत. दुसरीले ओ देते अन् तिच्या जागी मी जाते. अन्नपूर्णा, वही उंबऱ्यावर ठेवून राह्यली. इंदुताईले रोगी हो म्हण उद्या. पास हो. अन् मुखरूले वाचून दाखव, सगळं, त्याची माय त्याले न्याले नव्हती आली, ती घरी—

दुसरी.

दाराच्या खालून. तशीच हळू.

कडी काढते—

आतलं ठोकणं थांबलं.

तिसरी आली.

बाहेरून नाई. माझ्या पाठीमागून. आतल्या खोलीतून, माझ्या पोरीच्या गळ्यातून, मोठीबाई, मोठीबाई म्हणाली ती, हे नाव मी तिले कधीच—

तिसरीले दार उघडायचं असते. कोणतं, सुकरे. कोणतं दार—

ओ. ओ, सुकरे. आली मी, आ